महागाचं पॅड दहा तास की साधं पॅड चार तास? आमच्या घरचा वर्षभराचा अनुभव

सॅनिटरी पॅडचा रिव्ह्यू कोणी लिहिते का, असं माझी मोठी बहीण म्हणे. पण मिक्सरचा लिहितात, कूलरच्या पंपाचा लिहितात, मग जी वस्तू आमच्या घरात दोघी जणी दर महिन्याला पाच पाच दिवस अंगाला लावून राहतात तिच्याबद्दल काऊन नाही लिहायचं? म्हणून लिहून राहिली. आम्ही नागपूरला मानेवाड्याकडे राहतो, मी इतवारीत साड्यांच्या दुकानात बिलिंगला बसते, अन् पोरगी सातवीत होती तेव्हा, मागच्या वर्षीच्या मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेच्या दोन दिवस आधी तिची पाळी सुरू झाली.

तेव्हा मी काय केलं, तर मेडिकलमधून सगळ्यात मोठं अन् सगळ्यात महाग पाकीट आणलं. 320 एमएमचं, वरून जाळीवालं, जवळपास 12 रुपयाला एक. माझ्या डोक्यात एकच होतं, हिची व्हॅन पावणेसातला येते, घरी यायला दोन वाजतात, मधात शाळेत बदलायचं कसं, डाग पडला तर पोरं हसतील, त्यापेक्षा सकाळी एकदा लावून दिलं की घरी येईपर्यंत पाहायचं काम नाही. पाकिटावर तर 12 तास लिहिलेलंच राहते. मी स्वतःही तेच करत आली होती इतकी वर्षं, सकाळी नऊला लावलं की संध्याकाळी सातला घरी येऊनच काढायचं, कारण आमच्या दुकानाचं टॉयलेट दुसऱ्या माळ्यावर, तीन दुकानांत मिळून एक. त्यामुळे मला त्यात चुकीचं काही वाटलंच नाही.

मार्च निघाला कसाबसा. एप्रिलमध्ये नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, दुपारी रस्ता ओस पडते. तिसऱ्या पाळीत, म्हणजे मे मध्ये, 45 डिग्रीत, ही समर कॅम्पहून आली अन् सोफ्यावर न टेकता खुर्चीच्या कडेवर बसली, अर्धवट. विचारलं तर काही नाही म्हणे. रात्री आंघोळीनंतर मीच म्हटलं दाखव बेटा, तर दोन्ही मांड्यांना आतून लाल पट्टे, जिथे पॅडचे विंग्स, म्हणजे बाजूचे पंखासारखे भाग, दुमडून येतात बरोबर तिथेच, स्केल ठेवून ओढल्यासारखे सरळ, अन् एका जागी सालटं निघालेलं. ती दोन महिने सहन करून राहिली होती. तिला वाटलं पाळी म्हणजे असंच राहते, सगळ्यांनाच असं होते. हे ऐकल्यावर मला जेवण गेलं नाही त्या रात्री.

दुसऱ्या दिवशी लेडी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पाहिलं अन् पहिला प्रश्न, दिवसातून किती पॅड बदलते? मी म्हटलं दोन, एक सकाळी अन् एक रात्री. त्या म्हणाल्या, ताई इन्फेक्शन नाही आहे, हे घासून अन् ओलं राहून झालं आहे, घाम आणि रक्त दोन्ही तिथेच कोंडून राहिलं, खालून प्लास्टिक, हवा कुठून लागणार. दर चार ते सहा तासांनी बदलायचं, पॅड भरलेलं असो की नसो. साध्या पाण्यानं धुवायचं, आत साबण लावायचा नाही, पुसून कोरडं करायचं, सुती निकर घालायची, अन् सेंटवालं पॅड असेल तर बंद. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला 41 वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, की पूर्ण पाळीचं रक्त मिळून साधारण 30 ते 40 मिली राहते, 80 मिलीच्या वर गेलं तर त्याला जास्त म्हणतात. म्हणजे पाच दिवसांचं सगळं मिळून दोन-तीन मोठे चमचे! बाकी जे ओलं वाटते त्यात दुसरा स्राव अन् घामही राहतो. तासा-दोन तासाला पॅड भरत असेल, मोठमोठ्या गाठी पडत असतील तर मात्र मोठं पॅड घेऊन गप्प नाही बसायचं, डॉक्टरला दाखवायचं अन् हिमोग्लोबिन तपासायचं.

मग एवढुशा रक्तासाठी मी पोरीला एवढी मोठी गादी लावून पाठवत होती.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही मायलेकी कूलरसमोर पेपर पसरून बसलो अन् तीन पाकिटांमधलं एक एक पॅड कैचीनं कापलं. एक ते महागाचं जाळीवालं, एक मधल्या भावाचं मऊ कपड्यासारखं वाटणारं, 7 रुपयाला एक, अन् तिसरं जनऔषधी केंद्रातलं 'सुविधा', जे 1 रुपयाला एक मिळते. पहिल्या दोघांची नावं मुद्दाम नाही लिहीत, कारण त्या जातीची पॅडं सगळ्याच कंपन्यांची मिळतात, पाकिटाच्या मागे वाचलं की समजते. आतमध्ये गंमत अशी की सगळ्यांचा साचा एकच असते. वरचा पातळ थर, खाली लाकडाच्या लगद्याचा कापसासारखा भुसा, सगळ्यात खाली प्लास्टिकची झिल्ली, त्याला गोंद, त्यावर सोलून काढायचा कागद. मी इतकी वर्षं त्या भुशाला कापूसच समजत होती. महागाच्या पॅडमध्ये त्या भुशात रव्यासारखे पांढरे बारीक दाणे दिसले. पोरीनं त्यावर वाटीनं पाणी टाकलं अन् मिनिटभरात ते भिजलेल्या साबुदाण्यासारखे फुगून आले, बोटानं दाबले तरी पाणी सुटेना. हे सोडियम पॉलिअक्रिलेट, बाळांच्या डायपरमध्ये पण हेच राहते.

इथे एक गोष्ट समजून घ्या, जाहिरातीत निळं पाणी टाकून दाखवतात ना, ते फसवं वाटते मला. हे दाणे साधं पाणी आपल्या वजनाच्या शेकडो पट पितात, पण पाण्यात मीठ आलं की त्यांची ताकद खूपच कमी होते, अन् रक्त तर खारट आहे अन् पाण्यापेक्षा घट्टही. म्हणून आम्ही दुसऱ्या वेळी वाटीभर पाण्यात पाव चमच्यापेक्षा थोडं जास्त मीठ टाकलं, रंगाला उकडलेल्या बीटाचं पाणी, अन् खोकल्याच्या औषधाचं 10 मिलीचं झाकण घेऊन तीन झाकणं दोन मिनिटांत हळूहळू मधोमध ओतली. हे माप मी मनानं नाही काढलं. पॅडसाठी भारतीय मानक आहे, आयएस 5405 नावाचं, त्याच्या 1980च्या आवृत्तीत हीच टेस्ट होती, मिनिटाला 15 मिलीच्या वेगानं 30 मिली टाकायचं अन् खालून किंवा बाजूनं बाहेर नाही आलं पाहिजे. 2019 मध्ये ते मानक सुधारलं. आमची टेस्ट घरगुती, तिला कोणी लॅब नका समजू.

पण निकाल पाहून मी चकित झाली. तिन्ही पॅडांनी 30 मिली पिऊन घेतलं, खालचा पेपर तिन्हींचा कोरडा. फरक वरच्या थरात होता. टिश्यू पेपर ठेवून तळहातानं दाबलं तर जाळीवाल्यावर जवळपास कोरडा राहिला, मऊवाल्यावर अन् सुविधावर गुलाबी ओल आली. म्हणजे जाळीवाला कोरडं ठेवते हे खरं आहे, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. पण ती जाळी म्हणजे छिद्रं पाडलेलं प्लास्टिकच, अन् मे महिन्यात घाम खालून नाही येत, घाम बाजूनं अन् वरून येते, तो जाळीवर चिकटते अन् चालताना घासते. मऊवाल्याचा थर कपड्यासारखा लागते पण तोही बऱ्याचदा प्लास्टिकच्याच बारीक धाग्यांचा राहते हां, पाकिटावर 'कॉटन सॉफ्ट' लिहिलं म्हणजे आत कापूस आहे असं समजू नका. फक्त तो चामडीला कमी टोचते.

तर आता वर्षभराच्या वापरानंतर माझं मत. महागाचं 320 एमएम जाळीवालं पॅड रात्रीसाठी चांगलं आहे, पहिल्या दोन रात्री, त्यातही थंडीत तर फारच चांगलं, कुशीवर झोपलं तरी चादर साफ राहते. दिवसा उन्हाळ्यात मी ते पोरीला परत कधीच नाही देणार. सेंटवालं तर कोणालाच नाही, त्या वासाचा पाळीशी काही संबंध नाही, वेळेवर बदललं तर वास येतच नाही. मधल्या भावाचं मऊवालं 280 एमएमचं, पहिले दोन दिवस दिवसभर हेच, ह्याचे विंग्स थोडे छोटे आहेत अन् ते आमच्यासाठी चांगलंच निघालं कारण मांडीपर्यंत येत नाहीत. विंग्स लावताना खेचून नाही लावायचे, सैल दुमडायचे अन् कडा आत दाबायची, नाहीतर गोंदाचा भाग बाहेर राहून तोच घासते, हे आम्ही चुकून चुकूनच शिकलो.

अन् सुविधा. खरं सांगते, 1 रुपयाचं पॅड म्हटल्यावर मी आधी हातात घ्यायलाही तयार नव्हती, मनात आलं की स्वस्त म्हणजे काहीतरी खोट असणार. जून 2018 मध्ये सरकारनं हे काढलं तेव्हा अडीच रुपयाला एक होतं, मग 27 ऑगस्ट 2019 पासून 1 रुपया केलं. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी आम्ही दोघी हेच वापरतो. अन् सगळ्यात मोठा फायदा कुठे झाला सांगू का, बदलताना जीव नाही तुटत. 12 रुपयाचं पॅड अर्धवट कोरडं दिसलं की मन म्हणते अजून दोन तास चालेल, राहू दे. 1 रुपयाचं असलं की चार तास झाले, चला काढा. फक्त त्यावर ऑक्सो-बायोडिग्रेडेबल लिहिलं राहते त्याचा अर्थ मातीत पुरलं की संपलं असा नाही, प्लास्टिक लवकर तुटावं म्हणून त्यात काही मिसळलेलं राहते एवढंच, म्हणून कुंडीत किंवा परसात पुरू नका.

पैशाचा हिशोब पण ऐकून घ्या, कारण माझे मिस्टर म्हणे चार-चार वेळा बदललं तर खर्च वाढेल. आधी दिवसाला 2 याप्रमाणे 5 दिवसांचे 10 मोठे पॅड, 120 रुपये एकीचे. आता पहिले दोन दिवस मऊवाले 4-4, झाले 8, त्याचे 56 रुपये. दोन रात्रींचे मोठे 2, त्याचे 24. मग तीन दिवस सुविधा 3-3, म्हणजे 9 पॅड अन् 9 रुपये. 19 पॅड वापरून 89 रुपये. जवळपास दुप्पट पॅड अन् खर्च कमी. पाकिटाचा भाव पाहू नका कधी, भाव भागिले नग करा, बरेचदा 7 नगाच्या पाकिटापेक्षा 30 चं स्वस्त पडते अन् कधी कधी उलटंही असते. जीएसटी तर जुलै 2018 पासून नाहीच आहे पॅडवर, त्याआधी वर्षभर 12 टक्के होता.

पण पॅड चांगलं आणून काम अर्धंच होते, हे मला शाळेमुळे समजलं. जूनमध्ये शाळा उघडली, मी बॅगमध्ये पाऊच करून दिला, अन् पोरगी पाऊच जसाच्या तसा घेऊन घरी. काऊन नाही बदललं? तर म्हणे आई तिथे टाकायला डब्बाच नाही, मग वापरलेलं कुठे ठेवू, बॅगमध्ये? अन् मशीन आहे पॅडची ती बंद. मी फार दिवस विचार केला की आपण बोलावं की नाही, मग तिच्या वर्गातल्या आणखी दोघींच्या आयांना फोन केला अन् आम्ही तिघी जाऊन क्लास टीचरला भेटलो. मॅडम बिचाऱ्या चांगल्या, त्यांनी ऐकून घेतलं, पंधरा दिवसांत झाकणाचा डब्बा आला, बाजूला जुन्या पेपरचा गठ्ठा, अन् मावशींना सांगितलं की रोज रिकामा करायचा. एक डब्बा अन् रद्दी, बाप्पा, एवढ्यासाठी पोरी सात-सात तास बसून राहत होत्या. आमच्या दुकानातही मालकीणबाईंना सांगितलं तेव्हा वरच्या टॉयलेटमध्ये डब्बा ठेवला त्यांनी, आता मी दीड वाजता डबा खायच्या आधी बदलून येते. मला स्वतःला दर उन्हाळ्यात जी खाज यायची ती या वर्षी नाही आली.

आता टाकायचं. आम्ही आधी सगळे करतात तसंच करत होतो, काळ्या पन्नीत गाठ मारून कचऱ्यात. एक दिवस सकाळी कचऱ्याची गाडी आली तेव्हा मी फाटकातच उभी होती, गाडीवरची बाई ओला-सुका वेगळा करून राहिली होती, हातात ग्लोव्ह नाही, अन् तिनं आमचीच पन्नी पाहायला म्हणून फाडली. तिच्या बोटांना लागलं. तिनं काही आवाज नाही केला, पन्नी बाजूला ठेवली, हात गाडीच्या पत्र्याला पुसला. मी धावत जाऊन साबण अन् मगभर पाणी आणून दिलं, ती म्हणे, "ताई, कागदात बांधून येगळं देत जा, अन् वरून सांगत जा, म्हणजे मले हात नाही घालावा लागत." तेव्हापासून पॅड घडी करून नव्या पॅडच्या वेष्टनात गुंडाळायचं, वरून पेपर, दोरा, अन् लाल स्केचपेननं मोठा गोल. वेगळ्या डब्यात, अन् देताना तोंडानं सांगायचं. 2016च्या घनकचऱ्याच्या नियमांतच होतं की नीट गुंडाळून द्या, अन् टाकायसाठी पाऊच कंपन्यांनी द्यावा असंही होतं. पुण्याला 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायांनी 2013 मध्ये वापरलेल्या पॅडचे गठ्ठे कंपन्यांनाच पाठवले होते की हे पाहा आम्ही काय हाताळतो. मला वाटते बरोबर केलं त्यांनी. आपला नागपूरचा कचरा भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डात जाते, तिथेही कोणाचे तरी हात आहेतच.

फ्लश तर चुकूनही नाही. आमच्याच बिल्डिंगमध्ये मागच्या पावसात खालच्या फ्लॅटच्या संडासात पाणी वर आलं, प्लंबरनं चेंबर उघडून तारेनं ओढलं तर फुगून उशीएवढा झालेला गोळा. ते साबुदाण्यासारखे दाणे पाइपात काय करत असतील विचार करा. ज्यांनी टाकलं त्यांना कोणी काही बोललं नाही, पण चार घरांनी मिळून पैसे भरले.

विकत घेतानाचं एक राहिलं. आमच्या चौकातल्या मेडिकलवाले भाऊ पॅड मागितलं की आधी पेपरमध्ये गुंडाळणार, मग काळी पन्नी शोधणार. राज्यात 2018 पासून कॅरीबॅग बंद आहे, दूध-भाजीला पन्नी नाही मिळत अन् पॅडला मात्र बरोबर निघते. माझे मिस्टर आता म्हणतात भाऊ तसंच द्या, थैलीत टाकतो. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा भाऊ दोन सेकंद पाहतच राहिले, पण मग दिलं. पोरगी शेजारीच उभी होती, तिनं ते पाहिलं हे मला फार बरं वाटलं.

माझी आई उमरेडकडची, कापडं वापरायची. ती म्हणे, आम्ही दिवसातून तीनदा बदलत होतो वो, काढून धुतल्याशिवाय दुसरा पर्यायच नव्हता, मांड्या कधी सोलल्या नाहीत. त्रास व्हायचा तो पावसाळ्यात, कारण कापड लाजेनं दुसऱ्या कपड्याखाली वाळवायचं, ते ओलंच राहायचं. मी तिला लाल पट्ट्यांचं सांगितलं तर ती पोरीला जवळ घेऊन म्हणे, मग घड्याळ पाहत जा ना माय.

आता पावसाळा तोंडावर आहे. पाकीट बाथरूममध्ये नका ठेवू, दमट हवेनं ओल धरते अन् गोंदही नीट चिकटत नाही, कपाटात ठेवा अन् तारीख पाहून घ्या. जनऔषधी केंद्रात जाताना मी एकदाच तीन महिन्यांचं घेऊन येते. पोरीच्या पाऊचमध्ये आता मऊवाले दोन, सुविधाचे दोन, एक निकर, पेपरचे चार तुकडे अन् लाल स्केचपेन. मागच्या आठवड्यात त्यातला एक पॅड कमी होता म्हणून विचारलं, तर वर्गातल्या एकीला दिला म्हणे, तिला पहिल्यांदाच आली होती, अन् विंग्स सैल दुमड हे पण सांगितलं. मी पाऊचमध्ये आता एक जास्तीचं टाकते.